ॲक्रिलिक नखं मागून सुटतात? प्रायमर वाढवण्याआधी सुटलेला तुकडा उलटा करून बघा

“ताई, रविवारी केलेली नखं, आज गुरुवार, आणि अंगठ्याचं नख मागून उचललंय. वेणी घालताना केस अडकतात.”

हा मेसेज आला की पोटात गोळा येतो. पावडर आणि लिक्विड मिसळून बनणाऱ्या ॲक्रिलिकने नखं लांब करायचं, म्हणजे एक्सटेन्शनचं काम करणाऱ्या प्रत्येकीने तो कधी ना कधी वाचलेला आहे. आपण अडीच-तीन तास मान खाली घालून बसलेलो असतो, समोरचीने कष्टाचे पैसे मोजलेले असतात, आणि चार दिवसांत नखाच्या मुळाशी पांढुरकी कड दिसायला लागते. लिफ्टिंग म्हणतात ते हेच.

यावर सगळीकडे ठरलेला सल्ला मिळतो: प्रायमरचे (पकड यावी म्हणून नखाला आधी लावतात त्या द्रवाचे) दोन हात द्या आणि नख जरा जास्त घासा. पहिली दीड-दोन वर्षं मीही तेच करत होते. सुटणं काही थांबलं नाही. उलट दोघी-तिघींची नखं कागदासारखी पातळ झाली आणि पातळ नखावर तर काहीच टिकेना. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

सुटण्याची कारणं सात-आठ आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. खूण न बघता प्रायमर वाढवणं म्हणजे ताप कशाने आला हे न विचारता गोळी देणं.

आधी तीन प्रश्न

मी एक वही ठेवते. प्रत्येक क्लायंटच्या पानावर दोन्ही हात काढलेले असतात. नख सुटलं की त्या बोटावर, नेमक्या त्या कडेला पेनाने खूण करते आणि कितव्या दिवशी सुटलं ते शेजारी लिहिते. बस, एवढंच. पण तीन महिन्यांनी पानं उलटली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त खुणा अंगठ्यांवर होत्या आणि त्याही एकाच कडेला. हात टेबलावर पालथा ठेवला की अंगठा आडवा पडतो, वर बघत नाही. मी तो तसाच आडवा ठेवून काम करत होते, त्यामुळे ओलं मटेरियल उताराच्या बाजूला ओघळून कातडीला टेकत होतं. तेव्हापासून अंगठा वेगळा घेते, नख सरळ छताकडे येईल असा फिरवून धरते. अंगठ्यांच्या निम्म्या तक्रारी त्या एका बदलाने गेल्या.

तेव्हा पहिला प्रश्न, कुठे सुटलं: मुळाशी, कडेला की टोकाला? दुसरा, कधी? दोन-तीन दिवसांत सुटलं तर बहुतेक वेळा तयारीत चूक असते. आठ-दहा दिवसांनी सुटलं तर मी बीड (लिक्विड आणि पावडर मिळून ब्रशच्या टोकावर बनणारा ओला गोळा), कातडीला टेकलेली कड किंवा नखाचा आकार तपासते. तीन आठवड्यांनंतर मुळाशी थोडं उचललं तर ती रिफिलची (नख वाढून मागे उघडी पडलेली जागा भरायची) वेळच आहे, त्याला बिघाड म्हणू नका. तिसरा प्रश्न, कुणाकुणाचं? एकाच आठवड्यातल्या सगळ्यांचं सुटतंय तर बाटली, ब्रश किंवा हवा बघा. एकाच बाईचं सगळ्या बोटांना सुटतंय तर तिच्या हातांना दिवसभर काय लागतं ते विचारा. एकच बोट पुन्हा पुन्हा सुटत असेल तर आपला हात बघा.

आणि एक गोष्ट या तिन्हींच्या आधी. नक्की काय सुटलंय? ॲक्रिलिक नखापासून सुटलंय, की तिचं स्वतःचं नखच खालच्या मांसापासून सुटलंय? दुसऱ्या प्रकारात टोकाकडून गुलाबी भाग पांढरा होत मागे सरकत जातो. सोबत खाज, लाली, बोटांच्या टोकांना बारीक फोड असतील तर ॲलर्जीची शक्यता मोठी आहे. तिथे आपण काहीही लावायचं नाही, सगळं काढायचं आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, आणि याच जातीचे पदार्थ दातांच्या कामातही वापरतात, त्यामुळे हा विषय फक्त नखांपुरता राहत नाही.

तुकडा उलटा करा

सुटलेलं ॲक्रिलिक काढलं की ते लगेच कचऱ्यात टाकू नका. रिंग लाइटखाली उलटं धरा. भिंग असेल तर फारच छान.

खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत, चकचकीत दिसली तर नखावरची मूळची चमक आपण काढलीच नव्हती. ॲक्रिलिकने त्या चमकेचा ठसा उचलला आहे. मुळाच्या कमानीजवळ पांढरट, कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा चिकटलेला असेल तर तो क्युटिकल. आपण मेलेल्या कातडीवर मटेरियल बसवलं, ती निघाली आणि मटेरियल तिच्यासोबत आलं. गोल पोकळी दिसली तर हवेचा बुडबुडा आहे, टिपच्या (लांबीसाठी चिकटवतात त्या प्लॅस्टिकच्या नखाच्या) गोंदात किंवा बीडमध्ये राहिलेला. आणि खाली नखाचेच पांढरे थर चिकटून आले असतील तर पकड उत्तम होती, कुणीतरी ते ओढून काढलं. नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्यातले असे थर निघून आले की उरलेलं नख लवलवतं, आणि लवणाऱ्या नखावर कडक ॲक्रिलिक फार दिवस थांबत नाही.

क्युटिकल

माझ्या वहीतली सगळ्यात मोठी संख्या याच कारणाची आहे, म्हणून इथे जरा थांबते.

नखाच्या मुळाशी कातडीची जी घडी दिसते, तिला आपण सरसकट क्युटिकल म्हणतो. ती घडी जिवंत आहे, तिला कापायचं नाही. खरं क्युटिकल म्हणजे त्या घडीच्या आतून निघून नखाला चिकटलेला पातळ, जवळजवळ पारदर्शक मेलेला पापुद्रा. नख वाढतं तसा तो नखावर बसून पुढे येतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि तिथेच आपण फसतो. पुशरने (त्यासाठीच्या चपट्या टोकाच्या काडीने) घडी मागे ढकलली, कातडी नीट दिसली, की वाटतं झालं. खरं तर काम तिथून सुरू होतं.

पुशर नखावर जवळजवळ सपाट धरा आणि बारीक गोल फिरवत मागून पुढे या. पांढरी भुकटी निघायला लागेल. दोन्ही कोपरे, म्हणजे घडी जिथे कडेला वळते ती जागा, सगळ्यात जास्त विसरली जाते. वहीत माझ्या खुणा तिथेच दाट आहेत. ड्रिल मशीन वापरत असाल तर त्या कामासाठी असलेला बारीक, मऊ बिट घ्या, वेग कमी ठेवा आणि दाब देऊ नका. नखावर लाल वर्तुळ उमटलं तर आपण नखच खाल्लं आहे.

तपासायची सोपी युक्ती सांगते. लिंट-फ्री वाइपवर थोडं ॲसिटोन घेऊन नख पुसा आणि बोट दिव्याखाली तिरकं करा. स्वच्छ नख एकसारखं मंद दिसतं. पापुद्रा उरला असेल तर तिथे खडूचा हात फिरल्यासारखा पांढरा डाग दिसतो. दहाही बोटं अशी तपासायला दोन मिनिटं लागतात. घाई असेल तर नेल आर्टमधून दहा मिनिटं कापा, यातून नको.

लिक्विड क्युटिकल रिमूव्हर वापरलं तर ते साबणाने पूर्ण धुवायला हवं. त्यातला क्षार नखावर राहिला तर तोच पुढे ॲक्रिलिक धरू देत नाही.

इथेच आपल्याकडच्या पार्लरमधल्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. एक्सटेन्शनच्या आधी मॅनिक्युअर, म्हणजे कोमट पाण्यात हात भिजवणं, स्क्रब, क्रीम, मसाज, आणि मग लगेच नखं. हे कृपा करून बंद करा. नख पाणी शोषतं, फुगतं, जरा सपाट होतं. त्या आकारावर आपण ॲक्रिलिक बसवतो. तासाभराने नख वाळून मूळच्या आकारात येऊ बघतं, वरचं ॲक्रिलिक मात्र तसंच राहतं. मधल्या ओढाताणीत कड सुटते. शिवाय मसाज क्रीम कडांमध्ये बसलेलं असतं ते वेगळंच. मॅनिक्युअर करायचंच असेल तर आदल्या दिवशी करा, किंवा नखं झाल्यावर पाण्यात न भिजवता.

घासणं किती, प्रायमर किती

नैसर्गिक नखाला १८० किंवा २४० ची फाईल (आकडा मोठा तितकी फाईल बारीक), हलका हात, वाढीच्या दिशेने, फक्त चमक जाईपर्यंत. १०० ची फाईल ॲक्रिलिकसाठी, नखासाठी नाही. मग धूळ झटका. त्यासाठीचा नायलॉनचा ब्रश रोज साबणाने धुऊन वाळवा, नाहीतर कालच्या क्लायंटचं तेल आजच्या नखावर फिरतं. एकदा डिहायड्रेटर लावला की त्या नखाला आपलंही बोट लावायचं नाही. मला सवय होती, पुढचं बोट धरताना माझा अंगठा आधीच्या नखावर टेकायचा. मदतनीस मुलीने ते दाखवून दिलं तोपर्यंत मला पत्ताच नव्हता.

डिहायड्रेटर नखावरचा ओलावा आणि तेल थोड्या वेळापुरतंच काढतो, कारण नखाला आतून पुन्हा ओलावा येतच असतो. म्हणून दहाही बोटं तयार करून मग फोन घ्यायला किंवा चहा प्यायला उठू नका. ज्यांचे हात घामट आहेत त्यांचं मी एका वेळी एकाच हाताचं करते.

प्रायमरबद्दल थोडक्यात. ॲसिड प्रायमर असेल तर ब्रश बाटलीच्या तोंडावर नीट पुसून नखाच्या मध्यावर एकच ठिपका द्या, तो आपोआप पसरतो. खडूसारखा पांढरा वाळेपर्यंत थांबा. ओल्या ॲसिड प्रायमरवर बीड ठेवली तर पकडही येत नाही आणि नख पिवळंही पडतं. कातडीला लागला तर भाजतो, लगेच पाण्याने धुवा. ॲसिड-फ्री प्रायमर वाळून पांढरा होत नाही, तो चिकट चकचकीतच राहतो, त्याच्यासाठी थांबायचं नसतं. दोन्हींच्या सवयी एकमेकींत मिसळल्या की घोळ होतो. प्रायमर फक्त नैसर्गिक नखावर, प्लॅस्टिकच्या टिपवर नाही. आणि जास्त प्रायमर म्हणजे जास्त पकड हे खरं नाही. दुहेरी टेप दोन्ही बाजूंनी धरते म्हणून टेपचे पाच थर लावत नाही ना आपण, तसंच.

बाटलीतला प्रायमर गढूळ दिसायला लागला किंवा तळाशी धूळ बसली की बाटली बदला. प्रत्येक नखाला टेकवलेला ब्रश आपण परत तिच्यातच बुडवत असतो.

बीड आणि नाशिकची थंडी

मी हे काम डोंबिवलीत शिकले आणि लग्नानंतर नाशिकला आले. तोच ब्रश, तीच पावडर, तोच हात. पहिल्या डिसेंबरमध्ये एका आठवड्यात पाच जणींची नखं सुटली. मला वाटलं मी काम विसरले.

झालं होतं असं. ॲक्रिलिक रंगासारखं ‘वाळत’ नाही. पावडरमध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, ते लिक्विडशी भेटलं की लिक्विडचे कण एकमेकांत गुंफून साखळ्या बनतात आणि गोळा कडक होतो. ही क्रिया साधारण २१ ते २४ अंशांच्या खोलीत नीट चालते. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या आसपास उतरतो, निफाडकडे तर पाच-सहापर्यंत. लिक्विडची बाटली माझी रात्रभर खिडकीत. त्या गार लिक्विडची बीड लवकर बसेना म्हणून नकळत मी हात बदलला, बीड जास्त ओली घ्यायला लागले. काही नखांवर तर दव गोठल्यासारखे बारीक स्फटिक उमटले होते. ती थंडीची अगदी ठळक खूण.

ओली बीड दोन प्रकारे दगा देते. ती ओघळून कातडीला टेकते. आणि कडक होताना ॲक्रिलिक आकसतं, त्यात जितकं लिक्विड जास्त तितकं आकसणं जास्त, म्हणजे कडा आतल्या बाजूला खेचल्या जातात. शिवाय न गुंफलेलं लिक्विड कातडीला लागत राहिलं की ॲलर्जीला आमंत्रण. साधारण दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर हे प्रमाण धरा. मोजून कुणी घेत नाही, म्हणून डोळ्याने ओळखा: बीड ब्रशच्या टोकावर गोल राहिली पाहिजे, वरून तुकतुकीत पण पाणी न सुटलेली. नखावर ठेवल्यावर काही क्षणांत ती आपली आपण जरा बसते, कडा गोल राहतात. ठेवल्या ठेवल्या तिच्याभोवती लिक्विडचं तळं दिसलं तर ती पुसा, नवीन घ्या. उलट फार कोरडी बीड दाणेदार दिसते आणि नखाला नीट भिजवतच नाही, मग तिच्याखाली हवा राहते. ब्रश लिक्विडमधून काढल्यावर एकदा काठाला आणि एकदा टिश्यूला टेकवला की निम्मा फरक पडतो.

थंडीत आता मी काम सुरू करण्याच्या अर्धा तास आधी खोली उबदार करते, बाटली कपाटात ठेवते आणि क्लायंट आली की चहाचा गरम कप दोन्ही हातांत धरायला देते. बोटं बर्फासारखी गार असतील तर नखावर ठेवलेली बीडही गारच राहते. लिक्विड गरम करण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नका. त्याची वाफ पेट घेते. उघड्या कॉइलचा हीटर त्या टेबलाच्या जवळपासही नको.

उन्हाळ्यात उलटं होतं. चाळीस अंशांत बीड ब्रशवरच घट्ट होऊ लागते, दाबून पसरावी लागते, कडा जाड राहतात. बीड लहान घ्या आणि डॅपन डिशमध्ये (लिक्विडच्या छोट्या वाटीत) थोडंथोडंच लिक्विड ओता. उरलेलं परत बाटलीत घालायचं नाही.

डोक्यावरचा पंखा हा आणखी एक छुपा शत्रू. जोरात पंखा असला की बीडमधलं लिक्विड वरून उडून जातं, वर साय धरते आणि खाली ती नखाला धरलेलीच नसते. फाईलची धूळ तयार केलेल्या नखांवर येऊन बसते ती वेगळी. पंखा टेबलापासून दूर ठेवा. पण खोलीत हवा खेळती हवीच, वास कोंडून काम करू नका. खिडकी आणि एक्झॉस्ट हा त्यावरचा चांगला तोडगा.

कडेबद्दल एकच नियम: क्युटिकलच्या घडीपासून आणि दोन्ही बाजूंच्या कातडीपासून सुमारे एक मिलिमीटर जागा सोडा आणि तिथे ॲक्रिलिक इतकं पातळ उतरवा की बोट फिरवलं तर पायरी लागू नये. टेकलेलं दिसलं तर कडक होण्याआधी लाकडी काडीने रेघ मारून काढा. कातडी हलते, तेल सोडते. तिच्यावर चढलेली कड आठवड्याभरात उचलणारच.

लांबी: पोळ्यांची ऑर्डर घेणारी ताई

माझी एक क्लायंट पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, दिवसाला ऐंशी-शंभर पोळ्या. तिला हौस लांब, चौकोनी नखांची. तीन वेळा केली, तिन्ही वेळा दहाव्या दिवशी मधली दोन बोटं मागून उचललेली. तुकडा उलटा केला तर खाली सगळं स्वच्छ. पापुद्रा नाही, चमक नाही. मग एकदा मी तिला समोर कणीक तिंबून दाखवायला सांगितली. मुठीने गोळा दाबताना नखांची टोकं परातीला टेकत होती आणि दर दाबाला मागे ढकलली जात होती.

पहारीने दगड उचकटावा तसं होतं हे. टोक जितकं लांब तितकी पहार लांब आणि मागची कड उचलायला जोर कमी पुरतो. तिची लांबी बोटापुढे तीन-चार मिलिमीटरवर आणली, चौकोनाऐवजी बदामी आकार दिला. साडेतीन आठवडे राहिली. आता मी नव्या क्लायंटला नखाच्या गुलाबी भागाच्या निम्म्याहून जास्त लांबी पहिल्यांदा देतच नाही, कितीही आग्रह झाला तरी.

लांबीइतकाच उंचवटा महत्त्वाचा. बाजूने बघितलं तर नख जिथे बोट सोडून पुढे जातं त्याच्या जरा मागे सगळ्यात जास्त जाडी हवी आणि तिथून मागे-पुढे ती उतरत गेली पाहिजे. आपण नवीन असताना सगळीकडे सारखी जाडी देतो, किंवा मुळाशी जाड आणि मधे पातळ. अशा नखाला आधारच नसतो. आणि हा उंचवटा एका जागी राहत नाही. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे तीन आठवड्यांत उंचवटा दोनेक मिलिमीटर पुढे सरकतो आणि टोक जड होतं. रिफिल म्हणजे मागची भेग भरणं एवढंच करून थांबू नका. पुढची जाडी उतरवून उंचवटा परत मागे आणा.

टिप लावत असाल तर तिची रुंदी नखाच्या कडेपासून कडेपर्यंत पुरली पाहिजे. लहान टिप दाबून बसवली तर ती सतत सरळ व्हायला बघते आणि कडा सोडते. दोन आकारांच्या मधलं नख असेल तर मोठी टिप घेऊन कडेने घासा.

हळद, मेंदी आणि नवरीची नखं

लग्नसराईत सगळ्यात जास्त घबराट याचीच. मेंदीच्या कोनात बहुधा नीलगिरीचं तेल असतं. मेंदी खरवडून काढल्यावर वर खोबरेल किंवा मोहरीचं तेल चोळतात आणि रंग चढावा म्हणून हाताला पाणी लावू देत नाहीत. अशा हातांवर दुसऱ्या दिवशी नखं करायला बसलं तर आपण नख धुवूही शकत नाही आणि कडांमधलं तेल पूर्ण निघतही नाही. एका नवरीची नखं मी अशीच केली होती. वरातीच्या दिवशी सकाळी दोन निघाली. तिच्या आईचा फोन आला, रागावल्या नाहीत, पण आवाज रडवेला होता. मी पेटी घेऊन कार्यालयात गेले आणि ती दोन बोटं तिथेच पुन्हा केली.

तेव्हापासून क्रम ठरलेला: नखं मेंदीच्या दोन दिवस आधी. ॲक्रिलिक काही मिनिटांत कडक झालं तरी आतली क्रिया पूर्ण व्हायला एक-दोन दिवस लागतात, तेवढे त्याला मिळतात. वर जेल टॉप कोट नीट क्युअर केलेला (दिव्याखाली कडक केलेला), म्हणजे मेंदी आणि हळद लागली तरी डाग कमी बसतो. मेंदी काढणाऱ्या ताईंना सांगा की नखावर लागलेली मेंदी वाळण्याआधी पुसून टाका. हळदीच्या दिवशी नखांखाली अडकलेली हळद मऊ ब्रशने काढायची, सुईने किंवा पिनेने कोरायची नाही.

लिक्विड एकाचं, पावडर दुसऱ्याची

पैसे वाचवायला आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. पण पावडरमध्ये पेरॉक्साइड किती, हे त्या कंपनीने आपल्या लिक्विडशी जुळवून ठरवलेलं असतं. जोडी मोडली की बीड फार लवकर किंवा फार उशिरा बसते, वरून कडक वाटते आणि आतून गुंफण अर्धवट राहते. सगळ्या क्लायंटची नखं एकदम सुटायला लागली आणि तुम्ही नुकतीच काहीतरी नवी बाटली आणली असेल, तर शोध तिथेच सुरू करा.

बाजारात सुटं मिळणारं, लेबल नसलेलं स्वस्त लिक्विड तर घेऊच नका. त्यात इथाइल मेथॅक्रिलेटऐवजी मिथाइल मेथॅक्रिलेट असू शकतं. ते नखाला सहज धरत नाही म्हणून लोक नख खूप घासतात, आणि कडक इतकं होतं की दारात बोट सापडलं तर ॲक्रिलिकच्या आधी खालचं नख फाटतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नखं खराब झाल्याच्या आणि ॲलर्जीच्या तक्रारींवरून १०० टक्के मिथाइल मेथॅक्रिलेटच्या उत्पादनांवर कोर्टामार्फत कारवाई केली होती. ओळखायची खूण म्हणजे वास नेहमीपेक्षा उग्र आणि नाकात घुसणारा, आणि काढताना ॲसिटोनमध्ये अर्धा तास ठेवूनही नख जेमतेम मऊ होतं.

सुटलेलंच असेल तर

क्लायंटला पहिला निरोप हा: ओढू नका, कुरतडू नका, आणि झटपट चिकटणारा गोंद घालू नका. गोंदाने कड बंद होते, पण आत गेलेलं पाणी आतच राहतं. त्या ओलाव्यात सुडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात आणि नखावर हिरवा डाग पडतो. लोक त्याला बुरशी समजतात, ते जिवाणू असतात. हिरवं दिसलं तर त्या बोटावरचं सगळं काढा, नख कोरडं ठेवायला सांगा, वापरलेली फाईल टाकून द्या, आणि त्यावर नवीन काहीही चढवू नका. डाग नखाबरोबर वाढून पुढे जातो. दुखत असेल, सुजलं असेल किंवा नख मांसापासून सुटत असेल तर डॉक्टर.

स्वच्छ कोरडं लिफ्टिंग असेल तर सुटलेला भाग फाईलने उतरवत जा, त्याची पांढुरकी सावली पूर्ण जाईपर्यंत. निपरने (कातडी-नख कापायच्या कातरीने) कट करून उचकटू नका. एक टक्क आवाज येतो आणि न सुटलेला भागही सुटतो, सोबत नखाचा थर घेऊन. मग त्या जागेची तयारी पहिल्यापासून, क्युटिकल धरून. नखाच्या एक तृतीयांशाहून जास्त सुटलं असेल तर मी डागडुजी करत नाही, ॲसिटोनमध्ये भिजवून पूर्ण काढते.

एवढं सगळं करूनही एखादीच्या हातावर टिकत नाही. हातांना सतत घाम, दिवसभर पाण्यात काम, किंवा आधीच्या घासण्याने पातळ झालेलं नख. तिला मी सरळ सांगते की तीन-चार महिने नख वाढू दे. मुळापासून टोकापर्यंत नवीन नख यायला सहा महिने लागतात, पण निम्मं चांगलं नख आलं तरी पुरतं. तोवर आखूड नखांवर साधी नेलपेंट. त्या दिवशीचं बिल बुडतं, पण सहसा ती परत येते.

पहिल्या पाच दिवसांत सुटलेली दोन नखं मी पैसे न घेता करते, त्यानंतर दर बोटामागे ठरलेले पैसे. आणि बुकिंग करतानाच प्रत्येकीला सांगून ठेवते: नख अख्खं निघालं तर फेकू नका, कागदाच्या पुडीत घालून घेऊन या, आणि त्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावून येऊ नका.